लाउक्स यांच्या दुकानातलं पिस्तूल

यशपाल रंगारीचं आडनाव आणि त्याचं काम जुळत होतं. लुडविग्सहाफेनच्या एका रसायन कंपनीत तो रंगद्रव्यांवर संशोधन करायचा, आणि नागपूरचे मित्र त्यावरून त्याला चिडवायचे. त्याचे वडील सुदाम रंगारी आयुष्यभर नागपूरच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. चौतीस वर्षं त्यांनी तोफगोळ्यांची पितळी टरफलं मापात आणली, पण स्वतः एकही बार काढला नाही. बार काढला तो मुलानं, कॉलेजात एनसीसीमध्ये असताना. पॉइंट बावीसच्या रायफलीवर त्याचा नेम असा बसायचा की सुभेदार निशाण्याचा कागद घडी करून खिशात ठेवायचे. पुढे पीएचडी, नोकरी, लग्न, परदेश या गडबडीत ते सगळं मागे पडलं.

२०१२ मध्ये प्रयोगशाळेतल्या एका जर्मन सहकाऱ्यानं त्याला नेमबाजांच्या क्लबात नेलं. शुत्सनफेराइन म्हणतात त्याला तिथं. फुटबॉलच्या मैदानामागे एक बैठी इमारत, भिंतीवर हरणांची शिंगं आणि जुन्या विजेत्यांच्या ढाली, नेमबाजी झाली की अर्ध्या लिटरच्या ग्लासात वाइन आणि सोडा. यशपालनं क्लबाचं पिस्तूल हातात घेतलं, आणि श्वास कसा रोखायचा ते पंधरा वर्षांनंतरही त्याच्या छातीला आठवत होतं.

तीन महिन्यांनी त्याला सभासद करून घेण्याचा प्रश्न बैठकीत आला. एक गृहस्थ उठून म्हणाले, माणूस सभ्य दिसतो, पण आपण याला ओळखतो कितीसं? आज इथं आहे, उद्या नसेल. बोलणं असभ्य नव्हतं, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं. यशपाल ग्लासाकडे बघत बसला. तेव्हा कोपऱ्यातून ग्युंटर लाउक्स उठले. त्यांचं फ्रीझनहाइम भागात बंदुकांचं दुकान होतं. विकणं, दुरुस्त करणं, लाकूड घासून हाताला बसवणं, सगळं ते एकटेच करायचे. सत्तरीला आलेले, ठेंगणे, कानाच्या पाळ्या लांब. ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी बंदुका विकतोय. हा माणूस तोंड उघडायच्या आधी घोड्यावरचं बोट काढतो. मला एवढं पुरे आहे."

मतं पडली आणि यशपाल सभासद झाला. त्या संध्याकाळी लाउक्स त्याच्यापाशी आले, हात पुढे केला आणि म्हणाले, मी ग्युंटर. जर्मनांत याचा अर्थ मोठा असतो. तोवरचं 'झी', म्हणजे आपलं अहो-जाहो, संपलं आणि 'दू' सुरू झालं. वयानं एवढा मोठा माणूस आपल्याला तू म्हणतोय आणि आपणही त्याला तू म्हणायचं, हे यशपालच्या जिभेला महिनाभर जड गेलं.

स्वतःचं पिस्तूल घ्यायचं तर जर्मनीत वर्ष-दीड वर्ष जातं. क्लबात नियमित हजेरी, परीक्षा, संघटनेचा दाखला, मग आम्टकडे, म्हणजे सरकारी कचेरीकडे, अर्ज, आणि सगळं पार पडलं की एक हिरवं कार्ड मिळतं. त्या कार्डावर कोणतं हत्यार घेता येईल हे लिहिलेलं असतं आणि ते विकणारा त्यावर नोंद करतो. २०१४च्या मे महिन्यात यशपालचा अर्ज आम्टमध्ये गेला. त्याच महिन्यात वडील नागपूरहून आले. आई, द्रौपदीबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात एकटं बसून करायचं काय, म्हणून यशपालची बायको प्रिया हिनंच हट्टानं त्यांना बोलावून घेतलं.

पहिल्याच शनिवारी यशपाल त्यांना लाउक्सच्या दुकानात घेऊन गेला. सुदामरावांनी भिंतीवरच्या बंदुकांकडे पाहिलंच नाही. ते सरळ मागच्या कामाच्या टेबलाशी गेले, शेगड्यासमोर, म्हणजे व्हाइससमोर, उभे राहिले आणि तिथली एक कानस उचलून तिच्या दातांवरून अंगठा फिरवला. लाउक्सनी शेगड्यात पितळेचा एक तुकडा आवळून दिला. सुदामरावांनी चष्मा वर केला, पाय रोवले आणि पाच-सात मिनिटं तो तुकडा घासला. लाउक्सनी त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि खिडकीकडे करून पाहिलं. पट्टी आणि पितळ यांच्या मधून उजेड आला नाही. त्यांनी तो तुकडा यशपालला दाखवला, जणू यशपालला आपल्या बापाची ओळख आत्ताच करून द्यायची होती.

त्यानंतर म्हातारे यशपालवाचूनही भेटायला लागले. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. सुदामराव मराठीत बोलायचे, लाउक्स जर्मनमध्ये, आणि दोघांचं सगळं नीट चालायचं.

त्याच दुकानात यशपालनं पिस्तूल पसंत केलं. स्पर्धेचं, पॉइंट बावीसचं, अक्रोडाच्या लाकडाची पकड असलेलं. किंमत चौदाशे नव्वद युरो. अडचण एकच होती. यशपालचा पंजा लहान होता आणि पकड जर्मन पंजाच्या मापाची. लाउक्स म्हणाले, घासून देतो, पण एकदा घासली की ती तुझीच. दुसऱ्या कुणाच्या हाताला बसणार नाही. तू नक्की घेणार?

"घेणार," यशपाल म्हणाला. "कागद आले की त्याच दिवशी." आणि त्यानं हात दिला. सुदामराव बाजूला उभे होते. शब्द कळले नाहीत तरी सौदा झाला हे त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली.

दोन शनिवार लाउक्स ते लाकूड घासत होते. यशपालच्या तळव्याला निळा खडू लावायचे, पकड धरायला सांगायचे, जिथं खडू लागेल तिथं रंधा आणि कानस. अंगठ्याखालचा फुगवटा, करंगळीची खाच. सुदामराव स्टुलावर बसून पाहायचे आणि मधेच बोटानं एखादी जागा दाखवायचे. लाउक्स ती जागा घासायचे.

जुलैत वडील परत गेले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हिरवं कार्ड आलं. क्लबात अध्यक्षांनी ग्लास उंचावून त्याचं अभिनंदन केलं. लाउक्स गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होते, त्यामुळे त्या संध्याकाळी ते नव्हते. यशपालनं ठरवलं, ते बरे होऊन आले की दुकानात जाऊ.

पण मधल्या त्या दिवसांत एकदा कँटीनमध्ये कामावरचा सुधीर भेटला. सुधीर पुण्याचा, यंत्रांचा इंजिनिअर. त्याला कोणतीही वस्तू दुकानाच्या भावात घेणं म्हणजे आपली अक्कल गहाण टाकणं वाटायचं. पिस्तुलाची किंमत ऐकून तो हसला. म्हणाला, अरे, इथं बंदुकांचेसुद्धा ऑनलाइन लिलाव चालतात, कार्ड असलं की झालं, दुकानदार उगाच तीनचारशे वर लावतात. यशपालनं त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता ती साइट उघडली. आणि सुधीर म्हणाला होता तसंच होतं. तेच मॉडेल, हजारला, साडेनऊशेला. कोणी हौस फिटली म्हणून विकत होतं, कोणी वडील गेले म्हणून.

यशपालला पैशांची काहीच चणचण नव्हती, हे इथंच सांगायला हवं. पगार चांगला होता, प्रियाचीही नोकरी होती. पण तो आकडा डोळ्यासमोर आला आणि चौदाशे नव्वद देणारा माणूस त्याला अचानक भोळसट वाटायला लागला. तो रोज साइट बघू लागला. दुकानावरून जाणारी ट्राम सोडून दुसरी पकडू लागला.

सप्टेंबरच्या शेवटी लाउक्सचा फोन आला. गुडघा बरा आहे म्हणाले, वडिलांची चौकशी केली, आणि विचारलं, कागदांचं काय झालं? यशपालच्या तोंडून निघून गेलं, "अजून आले नाहीत."

 लाउक्स म्हणाले, हे बरोबर नाही, एवढा वेळ लागत नाही. यशपालनं काहीतरी हूं हूं केलं आणि फोन ठेवला.  संध्याकाळपर्यंत त्यानं स्वतःला समजावलं की यात कुणाचं नुकसान नाही.

ऑक्टोबरमध्ये लिलावात एक पिस्तूल आलं. तेच मॉडेल. "दुकानात दाखवण्यासाठी ठेवलेलं, न वापरलेलं. पकड लहान हातासाठी घासलेली आहे." बोली एक युरोपासून. विकणाऱ्याचं नाव म्हणून नुसती अक्षरं आणि आकडे, गाव ड्युसेलडॉर्फ. पांढऱ्या कापडावर जवळून काढलेले चार फोटो. खाली बारीक अक्षरांत विकणाऱ्याचा पत्ता असतो, पण यशपाल तिथवर गेला नाही. का गेला नाही, हे त्यानं पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. फोटोतला अंगठ्याखालचा फुगवटा त्यानं ओळखला नव्हता, की ओळखायचा नव्हता? याचं उत्तर त्याला कधीच छातीठोकपणे देता आलं नाही.

रविवारी संध्याकाळी सात वाजता लिलाव संपला. घासलेल्या पकडीमुळे फारसं कुणी वर गेलं नाही. आठशे सत्तरला पिस्तूल यशपालचं झालं. त्यानं टेबलावर थाप मारली आणि प्रियाला हाक मारून आकडा सांगितला.

दहा मिनिटांत मेल आला. ग्युंटर लाउक्स, बंदूक कारागीर, लुडविग्सहाफेन. खाली त्यांच्या मुलीनं लिहिलं होतं की वडिलांच्या वतीनं लिलावाचं काम ती ड्युसेलडॉर्फहून बघते. आपण त्याच शहरात राहता असं दिसतं, तेव्हा पिस्तूल दुकानातूनच घेऊन जावं, येताना कार्ड आणावं. खरेदीबद्दल आभार.

यशपालनं मेल दोनदा वाचला. प्रिया मागं उभी राहून वाचत होती. यशपालनं लाउक्सना शब्द दिल्याचं तिला ठाऊक होतं, फोनवरच्या खोट्याचं नव्हतं. ते त्यानं आता सांगितलं. 

"त्यांनी ते लाकूड तुझ्यासाठी कापलं," ती म्हणाली. "म्हणून ते दुसऱ्या कुणाला विकता आलं नाही. आणि म्हणूनच तुला ते स्वस्तात मिळालं. कळतंय का तुला?"

त्याला कळत होतं. सौदा मोडता येतो का, हे त्यानं साइटवर शोधलं. लागलेली बोली बंधनकारक होती. दहा दिवस त्यानं आज जातो, उद्या जातो करत काढले. मग एका मंगळवारी, दुकानात दुसरं कुणी नसेल अशा वेळी, तो गेला.

काउंटरवर खोके आणि चिकटपट्ट्या पडल्या होत्या. भिंतीवर मुलीच्या हस्ताक्षरातला कागद होता, फोटो कसे काढायचे त्याचा. बाजूला पांढरं कापड घडी करून ठेवलं होतं. यशपालची नजर त्यावर गेली, तशी लाउक्सनी ती घडी उचलून खालच्या खणात टाकली. त्या क्षणी यशपालला दिसलं की लाज या माणसालाही वाटतेय. भिंतीवरचा माल एक युरोपासून बोलीवर लावावा लागतोय, हे ओळखीच्या कुणी बघावं असं त्यांना वाटत नव्हतं.

"गुटन टाग, हेर रंगारी," लाउक्स म्हणाले. नावाआधी 'हेर', म्हणजे श्रीयुत, आणि बोलणं "झी"नं. आपलं कार्ड द्या, म्हणाले.

दोन वर्षांचं 'दू' त्यांनी काढून घेतलं होतं. जर्मनीत राहिलेल्या कुणालाही विचारा, असं सहसा कोणी करत नाही. भांडतात, बोलणं टाकतात, पण तू म्हटलेल्याला पुन्हा अहो म्हणत नाहीत.  यशपाल म्हणाला, मी दुकानातली किंमत देतो, चौदाशे नव्वद.

"लिलावात जी बोली लागली ती किंमत," लाउक्स म्हणाले. "नियम तसाच आहे."

त्यांनी चष्मा लावून कार्डावर नोंद केली. तारीख, नंबर, दुकानाचं नाव, सही, शिक्का. अक्षर नेहमीसारखंच सुबक. मग पिस्तूल पुढे केलं आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, पकड बसते का बघा. यशपालनं धरलं. तळव्यावर दुसरी कातडी चढावी तसं ते बसलं. त्याला वर बघवेना. बसते, म्हणाला, पैसे दिले आणि बाहेर पडला.

पुढच्या रविवारी नागपूरहून फोन आला. सुदामरावांनी विचारलं, घेतलं का रे पिस्तूल म्हाताऱ्याकडून? "घेतलं, बाबा." कसा आहे तो? "गुडघा बरा आहे." शब्दाशब्दानं सगळं खरं होतं. प्रिया उठून स्वयंपाकघरात गेली.

त्या हिवाळ्यात यशपालचा नेम वाईट झाला. क्लबात लाउक्स दिसायचे, नमस्कार व्हायचा, झी आणि हेर रंगारी. बाकीच्यांच्या लक्षात आलं, पण कुणी विचारलं नाही. तिथं तसं विचारत नाहीत.

२०१५च्या जूनमध्ये वडील पुन्हा आले. पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेला पितळी गुण्या काढला. घरी बसून, स्वतः घासून केलेला. काटकोनात केसाइतकीही फट नव्हती. तो लाउक्ससाठी होता. शनिवारी सकाळी दोघं ट्रामनं निघाले. गुण्या वडिलांच्या मांडीवर होता. दुकान दोन थांब्यांवर आलं तेव्हा यशपालनं बोलायला सुरुवात केली, आणि दुकानासमोर उतरून फुटपाथवर उभं राहून पुरं केलं. फोनवरचं खोटंही सांगितलं.

सुदामराव ऐकत होते. ट्राम गेली, दुसरी आली.

"मी होतो ना तिथं उभा," ते म्हणाले. "तू हात देल्ला तवा मी साक्षीदार होतो." मग म्हणाले, "चल आत. मी बोलतो, तू त्याच्या भाषेत सांग. एक शब्द गाळू नको."

लाउक्स त्यांना पाहून उभे राहिले. सुदामरावांनी गुण्या काउंटरवर ठेवला आणि हात जोडले. ते मराठीत बोलले, थांबून थांबून, आणि यशपाल ते जर्मनमध्ये सांगत गेला. "माझ्या मुलानं तुम्हाला शब्द देऊन मोडला. माझा मुलगा तुमच्याशी खोटं बोलला. मी समोर होतो, म्हणून त्याची लाज माझी आहे." स्वतःबद्दल 'माझा मुलगा' म्हणताना यशपालचा आवाज दोनदा अडकला. दुसऱ्यांदा अडकला तेव्हा वडील थांबले, वाट पाहिली, आणि पुढे बोलले.

लाउक्सनी गुण्या हातात घेतला, उलटसुलट पाहिला. मग यशपालकडे बघून पुष्कळ वेळ बोलले. यशपाल वडिलांना म्हणाला, "म्हणतात, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

कॉफी झाली. म्हाताऱ्यांनी गुण्या पोलादी ठोकळ्यावर लावून तपासला. यशपाल दाराशी उभा राहिला. बारा वाजून गेले तेव्हा ते निघाले. परतीच्या ट्राममध्ये सुदामराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो एवढं बोलला. तू एवढुसंच सांगतलं."

 यशपालनं मग सगळं सांगितलं. लाउक्स म्हणाले होते, तुमच्या वडिलांना लाज वाटायचं कारण नाही, हात त्यांनी दिला नव्हता, तुम्ही दिला होता. आणि माफी ज्याची त्यानं मागायची असते. वडिलांना पुढे करून नाही.

"मग?" सुदामराव म्हणाले.

पुढच्या थांब्यावर यशपाल उतरला. वडील एकटेच घरी गेले. रस्ता त्यांना माहीत होता. यशपाल चालत दुकानापाशी पोचला तर दारावर पाटी होती, दुपारची सुट्टी, अडीचपर्यंत. समोरच्या बाकावर तो दीड तास बसला. ऊन होतं. निघून जायला भरपूर वेळ होता, आणि दोनदा तो उठलाही.

लाउक्स पावाची पिशवी घेऊन आले, त्याला पाहिलं, कुलूप उघडलं आणि दार उघडं ठेवलं. यशपाल आत जाऊन उभ्या उभ्या बोलला. कागद ऑगस्टमध्येच आले होते. तुम्ही फोन केला तेव्हा मी खोटं बोललो. पैशांची अडचण नव्हती, मला शहाणं ठरायचं होतं. ही माफी मी माझी मागतोय.

लाउक्सनी पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही फोनवर कागद आले नाहीत म्हणालात," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, परदेशी म्हणून तुमचा अर्ज अडवलाय. मला राग आला. मी काठी टेकत अध्यक्षांच्या घरी गेलो. म्हटलं, क्लबाच्या वतीनं आम्टला कडक पत्र लिहा, हा आमचा माणूस आहे. ते मला म्हणाले, ग्युंटर, कार्ड येऊन दीड महिना झाला. आम्ही सगळ्यांनी त्यावर ग्लास उचलला." ते थांबले. "अध्यक्षांच्या बायकोसमोर म्हणाले. मला तिथं खुर्चीत बसून राहावं लागलं, गुडघा दुखत होता म्हणून."

यशपालला हे माहीत नव्हतं. 

"गुट," लाउक्स शेवटी म्हणाले. "तुम्ही आलात. गुट."

पुढच्या वर्षाच्या अखेरीस लाउक्सनी दुकान बंद केलं. तोवर यशपाल तेल, गोळ्या, निशाण्याचे कागद, सगळं तिथूनच घेत राहिला, आणि ते त्याला शेवटपर्यंत झीच म्हणत राहिले.

त्या दुपारी तो घरी आला तेव्हा सुदामराव बाल्कनीत बसले होते. त्यांनी विचारलं, मागितली? यशपाल हो म्हणाला. काय म्हणाला तो?

"गुट म्हणाले."

"म्हणजे?"

"बरं."

"माफ केलं असं नाही म्हटलं?"

"नाही, बाबा."

 सुदामरावांनी बाजूची खुर्ची पायानं ओढून त्याच्यासाठी जागा केली, आणि आत प्रियाला दोघांचा चहा टाकायला सांगितलं.